वाळूत बसण्याची तालीम

त्या बेटाचं नाव मी सांगणार नाही. अंदमानच्या बाजूचं आहे, एवढं पुरे. नाव न सांगण्यामागे कारण आहे, आणि ते कारण म्हणजे मीच. पुढे वाचलंत की कळेल.

मी भूगोलाचा मास्तर. सगळी नोकरी बोलण्याचा पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की पगार थांबला तरी बोलणं थांबत नाही. अंदमान-निकोबार मी वर्षानुवर्षं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर फळ्यावर भारताचा नकाशा काढायचा आणि उजवीकडे खाली खडू टेकवत टेकवत टिंबं काढायची. वेळ हाताशी असेल तर बेटं जास्त, तास संपत आला असेल तर कमी. त्या टिंबांवर कुणी राहतं, सकाळी उठून दात घासतं, असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

बायकोचं नेमकं उलटं. तिला बोलायचं नसतं, बघायचं असतं. इकडे खानदेशात, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरून ती रोज सकाळी स्कूटरवर मेहरूण तलावाला जाते आणि काठावर बसून पक्षी बघते. दुर्बीण जुनी आहे, एका बाजूने धुरकट दिसतं, म्हणून ती एकच डोळा लावते. पूर्वी मीही जायचो बरोबर. मग एके दिवशी ती म्हणाली, "अहो, तुम्ही घरीच थांबत चला. तुम्ही आलात की पक्षी उठतात." मी समजलो, माझ्या पांढऱ्या शर्टामुळे. खाकी शर्ट शिवून घेतला. पक्षी तरीही उठले.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. तिचे दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टर म्हणाले, होळीनंतर ऑपरेशन करून टाकू. मग चालणं-फिरणं झकास होईल, फक्त जमिनीवर बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, काही नाही. आयुष्यभर खुर्ची. मला वाटलं, चांगलंच झालं. घरी आल्यावर गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून ती मोबाइल बघत बसली. मग म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी मला एकदा वाळूत बसायचंय."

"तापीवर जाऊ की रविवारी," मी म्हणालो.

"ती वाळू नाही."

मग तिने मोबाइलवर मला ते कासव दाखवलं. लेदरबॅक म्हणतात त्याला. पाठीवर टणक कवच नाही, काळं चामडं. आकाराने आमच्या स्कूटरपेक्षा मोठं. मादी हिवाळ्यात समुद्रातून बाहेर येते, अंधारात किनाऱ्यावर खड्डा उकरते, अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते.

तिचं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. त्यांच्या विहिरीत एक कासव होतं. घरातली पोरं विहिरीच्या काठावर दंगा करायची तेव्हा ते दिसायचं नाही. ही एकटी पालथी पडून, श्वास धरून बघत राहिली की हळूच वर यायचं आणि नाक पाण्याबाहेर काढायचं. पुढे विहीर आटली. कासवाचं काय झालं ते कुणाला माहीत नाही. हे सगळं तिने मला त्या संध्याकाळी सांगितलं. इतकी वर्षं संसार करून मला हिच्या विहिरीतल्या कासवाचा पत्ता नव्हता. बहुधा तिने आधीही सांगायचा प्रयत्न केला असेल आणि मी मध्येच बोललो असेन.

मी कामाला लागलो. भुसावळहून रेल्वेने कलकत्ता, तिथून विमान, मग बोट, आणि बोट समुद्राची मर्जी असेल तर. बेटावर एकच विश्रामगृह, थोडीशी घरं, एक किराणा दुकान. कासवांच्या किनाऱ्यावर राखण करणाऱ्या एका माणसाचा नंबर ओळखीतून मिळाला. मी फोन लावला आणि माझ्या खानदेशी हिंदीत आधी त्याला खानदेशाची माहिती दिली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "सार, दो-तीन लोग आइए. ज़्यादा नहीं. लाइट नहीं, बात नहीं. रेत पर नीचे बैठना पड़ेगा. खड़ा आदमी दिखा तो वो वापस पानी में चली जाती है."

"कुर्सी चलेगी?" मी विचारलं.

"कुर्सी नहीं, सार. नीचे."

म्हणजे हिचं बरोबर होतं. याच हिवाळ्यात, नाहीतर नाही.

मी मोठ्या हौसेने पौर्णिमेची तारीख काढली. चांदणं, समुद्र, कासव. बायको म्हणाली, "त्यांना उजेड नको असतो. अमावास्येच्या आसपास बघा." तारीख बदलली. मग तिने एकच गोष्ट बजावली. "अहो, हे कुणाला सांगू नका हं. आपण दोघं जाऊ, गुपचूप येऊ."

"मी कशाला कुणाला सांगतोय?" मी म्हणालो. बोलताना मला स्वतःचं खरंसुद्धा वाटलं.

आता आमच्याकडे हिवाळा म्हणजे भरीत. शेतात जाऊन कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ती मोठी हिरवी वांगी भाजायची, लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांशी झाडाखाली पंगत. थंडीत दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या शेतात पंगत असतेच. त्या रविवारी मेव्हण्याच्या शेतात होती. अख्खी कॉलनी आली होती, अर्थातच नानासुद्धा.

नाना आमच्या शेजारी राहतात. मूळचे पारोळ्याचे. तिथल्या बाजारात धान्याच्या लिलावात बोली पुकारण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कानात सांगितलेलं गुपितसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जातं. दरवर्षी कॉलनीची सहल तेच काढतात. मोठी बस, स्वतःचा आचारी, शेगडी, सिलेंडर, पातेली, ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा डबा. हिमालयात नेलं तरी नाना लोकांना शेवभाजीच खाऊ घालतात. त्यांच्या मंडळींना सगळे अक्का म्हणतात. अक्का बोलत नाहीत. नानांशी लग्न झाल्यावर बोलायला जागा उरली नसावी. सहलीत त्या आचाऱ्याबरोबर पुऱ्या लाटत असतात.

तर भरीत झालं, पुऱ्या झाल्या, सगळे बाजेवर रेललेले. कुणीतरी विचारलं, "मास्तर, वहिनींच्या गुडघ्यांचं काय ठरलं?"

"होळीनंतर ऑपरेशन. त्याच्या आधी जरा..."

इथे मी थांबलो. खरंच थांबलो, शपथेवर सांगतो. पण थांबताना चेहरा असा केला की शेजारच्या बांधावरचा माणूससुद्धा विचारायला आला असता, "आधी जरा काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "जरा समुद्राकडे."

"गोव्याला?"

हा प्रश्न मला सहन झाला नाही. भूगोलाच्या मास्तराने आयुष्यभर टिंबं काढली आणि लोक म्हणतात गोवा! मी उठून बसलो आणि पुढे मेव्हण्याचं ताक येईपर्यंत बोलत होतो. बेट, बोट, कासवाचं वजन, अंड्यांचा आकार, अमावास्या, सगळं. जमिनीवर काडीने नकाशासुद्धा काढला. बायको समोर बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उरलेली वांगी सोलायला घेतली.

नानांच्या डोळ्यांत बस सुरू झालेली मला दिसली. खुशीत आले की ते अहिराणीवर येतात. "मास्तर, मंग एकटा कसाले? बठ्ठा जाऊत ना!" बठ्ठा म्हणजे सगळे, अख्खी कॉलनी.

"नाना, तिथे जास्त माणसं चालत नाहीत. कासव बिचकतं."

"कासव काय पयी जाई का?" नाना म्हणाले, आणि अख्खं शेत हसलं. कासव ते, पळून पळून जाणार कुठे!

संध्याकाळपर्यंत नाव नोंदवणाऱ्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर 'कासव सहल' नावाचा गट निघाला. आचाऱ्यालाही त्यात घेतलं. बेटावर जेवायला मासे-भात नाहीतर डाळ-भात, असं मी सांगितल्यावर नाना हादरले. "आठ दिवस डाळ-भात? माणूस मरी जाई! मास्तर, विमानात सिलेंडर चालत नसंल तर स्टोव्ह तरी?"

"स्टोव्हही नाही, नाना."

"मंग शेव तरी नेऊ."

मी हिशोब केला तेव्हा दिसलं की आम्ही सगळे उतरलो तर त्या बेटावर तिथल्यांपेक्षा आमचीच वस्ती जास्त होईल. मी शक्कल काढली. गटावर सांगितलं, निघायचं ते अमावास्येला. वाटलं, निम्मे तरी गळतील. नानांनी लगेच लिहिलं की आपण आदल्या दिवशी संध्याकाळी पायताण दाराबाहेर काढून ठेवू, म्हणजे निघाल्यासारखंच झालं. एकही गळला नाही. उलट दोघं वाढले.

बायकोने भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "मग मी नाही येत. तुम्ही सगळे जाऊन या. कासव भेटलं तर माझा नमस्कार सांगा."

"अगं, पण तुझ्यासाठीच तर..."

"एवढ्या माणसांत ती वर येणार नाही. आणि ती आली नाही, तर मग मी एवढ्या लांब वाळूत बसायला जाऊ कशाला?" ती बोलता बोलता मोरीवरून उठायला लागली, कट्टा धरला, तोंड वाकडं केलं आणि उभी राहिली. होळीला फार दिवस राहिले नव्हते. पुढच्या हिवाळ्यात ती चालेल, जिने चढेल, पण वाळूत बसणार नाही. एवढी एक गोष्ट तिने मागितली होती, आणि मी ती भरितात ठेचली होती.

मग मला ती कल्पना सुचली. अजूनही मला ती चांगली वाटते. मी गटावर लिहिलं: बेटावरचा नियम कडक आहे. वाळूत खाली बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. ज्याला ते जमेल त्यानेच यावं. तर रविवारी पहाटे मेहरूण तलावावर तालीम. झुंजूमुंजूला बसायचं, ऊन पाण्यावर येईपर्यंत. जो तोंड उघडेल, तो सहलीतून बाद. वाद नाही, विनवणी नाही.

मनात म्हटलं, आमची ही माणसं! दोन मिनिटं गप्प बसली तर मिशी काढीन. सगळे बाद होतील आणि आम्ही दोघं जाऊ. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी हसली. "चालेल," म्हणाली. "पण तुम्हीही बसायचं. पंच मी."

"अर्थात," मी म्हणालो.

रविवारी पहाटे सगळे आले. मफलर, कानटोप्या, शाली. नानांनी आचाऱ्याला चहाची किटली घेऊन आणलं होतं, कारण तालीम म्हटल्यावर चहा नको? बायकोने काठावर सतरंज्या टाकून घेतल्या आणि सगळ्यांना खाली बसवलं. ती स्वतः कडेला बसली, पाय लांब करून, धुरकट दुर्बीण हातात. बोट ओठावर ठेवलं. तालीम सुरू.

आणि काय सांगू तुम्हाला, माणसं गप्प बसली. लिलावात घसा फोडणारे नाना डोळे मिटून असे बसले, जणू समाधी लागली. त्यांचा फोन वाजला, तर त्यांनी तो न बघता बंद केला आणि परत डोळे मिटले. एकाला शिंक आली, त्याने ती नाक दाबून अशी परतवली की मला त्याची काळजी वाटली. आचाऱ्याने किटलीचं झाकणसुद्धा वाजू दिलं नाही. मला घाम फुटला. हे सगळे पास होणार होते! आमची माणसं गप्प बसू शकतात, हे मला एवढ्या वयात पहिल्यांदा कळत होतं. इतके दिवस ती गप्प का बसली नव्हती? बहुधा मी बोलत असल्यामुळे.

उजाडलं. पाण्यावरचं धुकं हळूहळू विरायला लागलं. समोरच्या उथळ पाण्यात पांढरे मोठे पक्षी उतरले. चोच पुढून चपटी, पळीसारखी, पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत चाललेले. बायकोने दुर्बीण लावली. अक्का तिच्या शेजारी होत्या. त्या पुढे वाकून टक लावून बघत होत्या. नाना एक डोळा उघडून त्या पक्ष्यांकडे पाहायला लागले, आणि त्यांनी शेजाऱ्याला खुणेने दाखवलं: बगळे.

बगळे!

"बगळे नाहीत हो ते, चमचे आहेत चमचे!" मी म्हणालो. म्हणालो कसला, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं म्हणालो. "ती चोच बघा, पुढून चपटी! बगळ्याची असते का अशी?"

पांढरे पक्षी एकदम उठले आणि तलावाच्या पलीकडे गेले.

मग नानांनी लिलावातला तो जुना आवाज काढला. "तूच बोलना ना रे मास्तर! मास्तर बाद!"

"मास्तर बाद! मास्तर बाद!" सगळे टाळ्या पिटत ओरडले. आचारी किटलीवर झाकण वाजवायला लागला. नियम करणारा नियमात सापडला, असा आनंद आमच्या कॉलनीला क्रिकेटच्या सामन्यातही झाला नव्हता. मीही हसलो. दुसरं करणार काय?

बायको शांतपणे उभी राहण्याची तयारी करत होती. अक्कांनी तिच्या काखेत हात घातला आणि उठवलं. मग तिने सगळ्यांकडे एक नजर फिरवली, आणि म्हणाली, "बाद झालेले सगळे इकडे या, चहा घ्या."

"बठ्ठा? आम्ही कशे काय?" नाना म्हणाले.

"तुम्ही काय केलंत आत्ता?"

हळूहळू एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. जो तोंड उघडेल तो बाद. मला बाद करण्याच्या आनंदात अख्खी सहल बाद झाली होती. आचारी म्हणाला, "मी तर फक्त झाकण वाजवलं," आणि ते म्हणताना बाद झाला.

"मग राहिलं कोण?" मी विचारलं. मी आधीच बाद असल्यामुळे मला बोलायला मोकळीक होती.

अक्का राहिल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नव्हती, त्या हसल्याही नव्हत्या. त्या अजून तलावापलीकडे, जिथे ते चमचे उतरले तिकडे बघत होत्या. बायकोने त्यांना विचारलं, "अक्का, येता का माझ्याबरोबर?"

अक्कांनी आधी नानांकडे पाहिलं. नाना नेहमीप्रमाणे अक्कांच्या वतीने उत्तर द्यायला निघाले होते. "ती कशी येई? घरना सैपाक..."

"नाना," बायको म्हणाली, "तुम्ही बाद आहात."

अक्कांनी मान हलवली. होकाराची.

घरी येताना मी स्कूटरवर मागे बसून एकदा विषय काढून पाहिला. "अगं, पण नवरा म्हणून मला काही सवलत?" ती म्हणाली, "नियम तुमचाच ना?" पुढे पिंप्राळ्यापर्यंत दोघंही बोललो नाही. म्हणजे ती नेहमीसारखी, आणि मी नाइलाजाने.

दोघी गेल्या. भुसावळच्या फलाटावर नानांनी डब्यात शेवेचं पुडकं कोंबलं, तेवढाच त्यांचा त्या सहलीत सहभाग. नंतरचे दिवस मी आणि नाना त्यांच्या घरी एकत्र काढत होतो. आचारी एकदा येऊन शेवभाजी करून गेला. एरवी आम्हीच रांधायचो, आणि जे व्हायचं त्याला डाळ-भात म्हणायचो. बेटावर फोन लागत नव्हता. आधी बोट एक दिवस अडकल्याचा निरोप आला, मग काहीच नाही. मी नकाशा उघडून ते टिंब बघत बसायचो. इतकी वर्षं किती सहज काढत होतो ते!

परतीच्या बोटीआधी धक्क्यावरून बायकोचा फोन आला. सकाळची वेळ, नाना आणि मी सतरंजीवर बसून मटार सोलत होतो. मी फोन कानाला लावला. नाना ओरडायला लागले, "काय म्हणे? दिसनं का?" मी त्यांच्यापुढे बोट ओठावर धरलं.

"दिसली," ती म्हणाली.

मला विचारायचं होतं, केवढी, कुठे, किती जवळ, किती वेळ, तू बसलीस कशी, उठलीस कशी. सगळे प्रश्न एकदम घशाशी आले. मी ते परत गिळले. ती पलीकडे काही बोलत नव्हती आणि फोनमधून लाटांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "अगदी जवळ आली हो. तिने उडवलेली वाळू माझ्या मांडीवर पडली. मी मांडी घातली होती."

आणि मागून एक आवाज आला. "द्या, द्या वो इकडे!"

तो आवाज मी ओळखला नाही. मी फोन मोठ्या आवाजावर टाकून सतरंजीवर ठेवला, तरी नानांनीही ओळखला नाही. "इतलं मोठं शे ते, इतलं मोठं!" अक्का बोलत होत्या. "तिना डोयामा पानी व्हतं! आन् असा मोठा श्वास घे, आपली म्हैस घेस तसा! आन् आम्ही दोन्ही अशा पडेल व्हतुत वाळूमा, आन् वहिनीले मी उठाडं, आन् तठे तारा इतला व्हतात..." थांबायचं नाव नाही. कासव, बोट, डाळ-भात, त्या राखणदाराची बायको, तिची कोंबडी, परत कासव.

नाना फोनकडे बघत होते. हातातली मटारची शेंग तशीच राहिली होती. मध्ये एकदा त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

आम्ही दोघं ऐकत राहिलो.